टोपली कोणी सरकवली

४ ऑगस्ट, सोमवार

मुलीस,

तुला घरात ज्या नावाने हाक मारायचो ते नाव इथे मुद्दाम लिहिलेलं नाही. ‘अनेक आशीर्वाद’ सवयीने लिहायला घेतलं होतं, ते वर खोडलंय. खोडाखोड बघून तू भलते अर्थ काढशील म्हणून आधीच सांगितलं. आठवण आली म्हणून पत्र लिहितोय असं तर अजिबात समजू नकोस. कामाचं आहे.

माझ्या टेबलाखालची केराची टोपली कोणीतरी सरकवतंय.

हसून घे. पण तू लहानपणी ऑफिसात आली होतीस, माझी जागा बघितली आहेस. खुर्चीतून न उठता सगळं हाताला लागलं पाहिजे अशी ती मांडणी आहे. उजव्या पायाशी टोपली, डाव्या पायाशी जुन्या फायलींचं खोकं, कोपराशी पाण्याचा जग, खालच्या खणात बिस्किटांचा डबा. सकाळी बसलो की जेवणाचा डबाही तिथेच उघडतो आणि उठतो तो एकदम घरी जायला. मागे लोक मला ‘ठिय्या’ म्हणतात. म्हणू देत. साहेब बदलले, पंखे जाऊन एसी आले, मी हललो नाही.

गेल्या आठवड्यात नेहमीसारखा न बघता कागद खाली टाकला, तर तो फरशीवर पडला. वाकून बघतो तर टोपली हातभर पलीकडे. मी पायाने ओढून जागेवर आणली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि त्याच्या पुढच्या दिवशी बिस्किटांचा डबा खणात नाही, मागच्या कपाटावर.

लोक विम्याचे दावे पाठवतात आणि त्यातलं खोटं मी शोधतो, हे तुझ्या जन्माच्या आधीपासून चाललंय. उजवा हात मोडला म्हणून पैसे मागणारा त्याच उजव्या हाताने झोकदार सही ठोकून अर्ज पाठवतो, अशांना पकडण्यात माझी हयात गेली. तेव्हा झाडताना लागली असेल, धक्का बसला असेल, असली कारणं मला देऊ नकोस. आपोआप काही होत नसतं.

आता तुझा संबंध काय ते लिहितो. माझ्या शेजारची खुर्ची तुझ्यासाठी होती. मी साहेबांच्या किती मागे लागलो होतो ते तुझ्या आईला विचार. आणि तू त्यांच्या केबिनमध्ये उभी राहून काय म्हणालीस? ‘मला जमणार नाही सर. बाबांसारखं दिवसभर बसून राहिले तर मला वेड लागेल.’ साहेब हसले. बाहेर काचेला कान लावून बसलेले सगळे हसले. त्या संध्याकाळी मी म्हणालो, ह्या घरात पुन्हा पाय ठेवू नकोस. माणूस रागात बोलतो. तू मात्र शब्दाची पक्की निघालीस, चौथं वर्ष लागलं. लोकांचे हातपाय वळवून त्यांना चालायला लावायचं हेच तुझं काम झालंय असं कानावर येतं.

तर सरळ विचारतो. ह्या सरकवासरकवीत तुझा हात आहे का? हो किंवा नाही, एवढंच कळव.

तुझा पत्ता कुठून मिळाला हे विचारू नकोस. आईच्या गुडघ्याला तू पट्टा पाठवलास, त्याचं पाकीट तिने केरात टाकलं, आणि केरात काय जातं हे बघायची मला खोड आहे.

तुझे वडील

ता. क. कोणावर विश्वास ठेवायचे दिवस राहिले नाहीत. नाक्यावरच्या मोच्याकडे बूट नवा तळ लावायला दिले, तर त्याने डावा घट्ट करून परत दिला.

८ ऑगस्ट, शुक्रवार

मुलीस,

उत्तर नाही. पोस्टावर ढकलता येईल, पण पत्र मी स्वतः पेटीत टाकलं होतं. शिपायाकडे दिलं असतं तर त्याने उजेडाला धरून वाचलं असतं, म्हणून चौकातल्या पेटीपर्यंत चालत गेलो. तेव्हा पत्र पोचलंय आणि तू गप्प बसली आहेस, असं मी धरून चालतो. गप्प बसणारा काहीतरी लपवतो, हे मी शेकडो फायलींत बघितलंय.

टोपली आता दोन पावलांवर आहे. कागद टाकायला अर्धं उठावं लागतं. काल मी चुरगळलेले कागद खिशात भरून घरी आणले, पण उठलो नाही. तुझी आई खिसे रिकामे करताना म्हणाली, ‘आता केर पण डब्यासारखा ऑफिसातून घरी आणणार का?’

संशय सगळ्यात आधी शेजारच्या मुलीवर जातो. तुझ्या खुर्चीवर वर्षभरापूर्वी एक मुलगी नेमली. नेमली खरी, पण ती बसत नाही. टेबलावर दोन खोकी रचून त्यावर तिने संगणक चढवलाय आणि दिवसभर उभ्याने काम करते. मी तिला मनात ‘उभी’ म्हणतो. मधूनच टाचा उचलून चवड्यांवर उभी राहते, मधूनच मान फिरवते, फोन आला की बोलत बोलत दारापर्यंत जाऊन येते. ही सगळी लक्षणं मी कुठे बघितली आहेत ते तुला सांगायला नको.

आज मी तिला गाठलंच.

‘तुला कोणी पाठवलं?’

‘कुठे?’

‘इथे. ह्या खुर्चीवर.’

‘साहेबांनीच घेतलं की काका. आणि खुर्चीवर कुठे, मी तर उभीच असते.’

‘का उभी असतेस? कोणाच्या सांगण्यावरून?’

‘पाठीच्या. बसलं की कळा येतात.’ मग माझ्याकडे निरखून म्हणाली, ‘तुम्हीपण मधून मधून उठत जा ना. संगणकावर दर तासाला घंटी वाजते ती ऐकू येत नाही का?’

‘ती मी बंद करून घेतलीय.’

‘बरं केलंत,’ असं म्हणून ती हसली. मला ते हसणं आवडलं नाही. मी एकदम विचारलं, माझ्या मुलीला ओळखतेस का? तर म्हणते, ‘तुम्हाला मुलगी आहे?’

वर्षभर ती माझ्या शेजारी आहे. तिच्या पाठीचं, तिच्या भावाच्या लग्नाचं, घरमालकाच्या कटकटीचं मला सगळं पाठ आहे. आणि मला मुलगी आहे हे तिला ठाऊक नव्हतं. किंवा ठाऊक नसल्याचं सोंग तिने फार चांगलं वठवलं. मी फाईल उघडून बसलो.

उत्तराची वाट बघत नाही. पण पाठवणार असशील तर घरच्या पत्त्यावर पाठव, ऑफिसच्या नको.

तुझे वडील

ता. क. मोच्याकडे जाऊन डावा बूट सैल करून मागितला. त्याने आत लाकडी ठोकळा घालून दोन दिवस ठेवला आणि म्हणे आता बघा. बघितलं. तसाच आहे. पैसे मात्र घेतले.

१४ ऑगस्ट, गुरुवार

मुलीस,

पकडलं तुला.

तू पत्राला उत्तर दिलं नाहीस तरी मी हातावर हात ठेवून बसलो नव्हतो. काय सरकलं, कुठून कुठे, हे रोज बघत होतो. टोपली आता भिंतीला जाऊन टेकलीय. बिस्किटांचा डबा कपाटावरून खिडकीत गेला. पाण्याचा जग माझ्या कोपराशी असायचा तो आधी टेबलाच्या कडेला, मग फायलींच्या मांडणीवर, आणि आज दाराजवळच्या स्टुलावर. फायलींचं खोकंही त्याच वाटेने निघालंय.

कोणी वैरी असता तर त्याने एकदम उचलून लांब नेलं असतं. मी आरडाओरडा केला असता, साहेबांकडे गेलो असतो, दोन तासांत सगळं जागेवर आलं असतं. इथे रोज थोडं थोडं चाललंय. माणसाला राग येईल इतकं नाही, पण त्याला उठवेल इतकं.

आणि आज दुपारी डबा खाताना माझा घास हातात राहिला. तुझ्या आईचा गुडघा धरला होता ते वर्ष आठवतंय ना? ती पलंगावरून हलेना. तू तिची गोळ्यांची पेटी आधी उशाशी ठेवलीस, मग खिडकीत, मग स्वयंपाकघरात, मग पार मागच्या ओट्यावर. ती चिडचिड करायची. तू म्हणायचीस, ‘सरळ सांगितलं तर ऐकणार आहेस का? म्हणून फसवून.’ पावसाळा संपला तोवर ती एकटी जिना उतरून खाली गेली होती.

ही तीच हातचलाखी आहे. जगात दुसऱ्या कोणाला सुचणार नाही.

घरी आल्यावर तुझ्या आईला घेतलं उलटतपासणीला. दर रविवारी ती गच्चीवर वाळलेले कपडे आणायला जाते. दोरी रिकामी असली तरी जाते, आणि वरून बोलल्याचा आवाज येतो. इतकी वर्षं मी काही म्हटलं नाही. आज विचारलं, ‘टोपलीचं तू तिच्या कानावर घातलंस?’ तर म्हणते, ‘कसली टोपली?’ बघ हं. कोणाच्या कानावर, असं तिने विचारलंच नाही.

मी रागावलोय, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. रागारागाने मी आज उठलो आणि दाराजवळ जाऊन पाणी प्यायलो. परत येऊन बसलो. थोड्या वेळाने पुन्हा तहान लागली. ती खरी होती का हे मला तपासता आलं नाही, पण मी पुन्हा गेलो. खिडकीत जाऊन दोन बिस्किटं खाल्ली. त्या खिडकीतून खालची शाळा दिसते, हे मला माहीत नव्हतं. पोरं मैदानात धावत होती. एक मुलगी सगळ्यांच्या पुढे होती, वेण्या सुटलेल्या. मी बराच वेळ उभा होतो.

तुझे वडील

ता. क. डाव्या बुटाची नाडी आता पूर्ण सोडून घालतो. मोची जोडीतला एक बूट दुसऱ्या कोणाच्या जोडीशी बदलून देतो की काय, अशी मला शंका आहे.

१९ ऑगस्ट, मंगळवार

मुलीस,

तुझ्या हस्तकाने तुला कळवलं असेलच, तरी माझ्याकडूनही घे. शनिवारी मी लिफ्ट सोडून जिन्याने गेलो. तिसरा मजला. मधे दोनदा थांबलो ते दम लागला म्हणून नाही, भिंतीवर सूचना लावल्या होत्या त्या वाचायला. वर पोचलो तर शिपाई म्हणाला, ‘लिफ्ट बंद पडली की काय?’ उभीने टाळ्या वाजवल्या. साहेब केबिनमधून डोकावले. मी कोणाला काही सांगितलं नाही. सांगायचं कशाला, जिला कळायचं तिला कळणार होतं.

काल आणि आज पुन्हा चढलो. टोपली भिंतीपाशी आहे ती मी परत आणली नाही. फाईल द्यायला शिपायाला हाक मारायचो, आता स्वतः नेऊन देतो. लोक एकमेकांकडे बघतात. त्यांना वाटतं मला कोणी बढतीचं आमिष दाखवलंय.

खरं सांगायचं तर मला ह्याची गंमत वाटायला लागलीय. सकाळी ऑफिसात शिरलो की आधी नजर जाते ती आज काय सरकलं ह्याच्यावर. बूट काढायला बसल्यावर तुझी आई म्हणाली, ‘हल्ली शीळ घालता तुम्ही.’ मी म्हटलं, छे. परवा रविवारी मात्र ती गच्चीवर जरा जास्तच वेळ होती.

तू हे तोंडाने कबूल करावंस असा माझा आग्रह नाही. आपल्या दोघांत तोंडाने बोलण्याचं काही उरलेलं नाही, हे मला कळतं. असं लांबून टोपली सरकवून बोलायचं असेल तर तसं. चालेल मला. फक्त एकदा, एक ओळ लिही.

चढायची सवय नसल्याने पोटरी जरा धरलीय. तीन-चार दिवस झाले, उतरत नाही. हात लावला तर गरम लागते. व्यायामाने रक्त खेळतं म्हणतात, त्यानेच असेल. संध्याकाळी पाय स्टुलावर ठेवतो आणि घरातही मोजे घालून बसतो, म्हणजे तुझी आई बघून उगाच दहा उपाय सुचवणार नाही. तिला काही बोलू नकोस.

बाबा काय चालतात ते बघायचंच असेल तर

ही ओळ राहू दे.

तुझे वडील

ता. क. आज मोच्याशी चांगलंच वाजलं. भर रस्त्यात. त्याने दोन्ही बूट तळाला तळ लावून माझ्यासमोर धरले आणि म्हणाला, ‘बघा साहेब, तेवढेच आहेत की नाही?’ होते तेवढेच. मी म्हटलं, मग काय माझा पाय वाढला? ह्या वयात?

२५ ऑगस्ट, सोमवार

मुलीस,

हे पत्र टाकीन असं वाटत नाही. तरी लिहितो, कारण प्रकरण बंद करताना शेवटचा शेरा लिहायचा असतो.

आज सकाळी ऑफिस उघडतानाच मी आत गेलो आणि फायलींच्या उंच कपाटांमागे जाऊन उभा राहिलो. तुझ्या हस्तकाला रंगेहाथ पकडायचं होतं. पकडून काय करणार हे मी ठरवून ठेवलं होतं. ओरडणार नव्हतो. म्हणणार होतो, ‘तिला सांग, बाबांना कळलंय.’ त्याने फोन लावला असता तर तिथल्या तिथे तुझ्याशी बोललोही असतो. इतकी तयारी करून गेलो होतो.

उभी आली नाही. झाडणाऱ्या मावशी आल्या. बादली ठेवली, कमरेला हात देऊन सरळ झाल्या आणि थेट माझ्या टेबलाकडे आल्या. फायलींचं खोकं धरलं आणि हातभर पुढे ओढलं.

मी बाहेर आलो. त्या दचकल्या.

‘काका? इतक्या लवकर?’

‘कोणाच्या सांगण्यावरून सरकवताय हे?’

‘कोण सांगणार? मुंग्या झाल्यात ना.’

मला वाटलं ही चलाख आहे. मी म्हटलं, खरं सांगा. तर त्यांनी मला वाकायला लावलं आणि टेबलाखाली दाखवलं. भिंतीच्या फटीतून काळी रेघ निघालेली, माझे पाय असतात तिथून खणापर्यंत. चुरा, बिस्किटांची पूड, डब्यातलं सांडलेलं, किती वर्षांचं कोण जाणे.

‘तुम्ही दुपारी इथेच खाता, मधे मधे खाता, सगळं खाली,’ त्या म्हणाल्या. ‘रोज झाडते, पण दुपारपर्यंत पुन्हा तेच. पावडर टाकायची तर तुमचे पाय दिवसभर तिथेच, अंगाला लागायची. म्हटलं खाण्याचं सगळं, उष्ट्याची टोपलीसुद्धा, हळूहळू लांब नेते. मुंग्या आपोआप मागे जातील. जगाखाली ओल राहते, तिथेपण बसतात, म्हणून जग नेला. खोक्यात शिरल्यात, म्हणून खोकंपण नेते.’

‘हळूहळू का? एकदम का नाही?’

‘तुम्ही ओरडता म्हणून. मागे तुमचं पेन उचलून दुसऱ्या बाजूला ठेवलं तर साहेबांपर्यंत गेला होतात.’

मी विचारायला नको होतं, पण विचारलं. म्हटलं, माझ्या मुलीचा काही निरोप वगैरे? म्हणाल्या, ‘मला काय माहीत काका तुमची मुलगी कोण ते.’ मग खुर्ची पुढे करून म्हणाल्या, बसा जरा, तुमचा चेहरा बरा दिसत नाही.

मी बसलो. दिवसभर बसलो. पाणी प्यायलाही उठलो नाही. जाता येता उभी दोनदा विचारून गेली, काका आज काय झालं. काही नाही म्हटलं.

म्हणजे तू नव्हतीस. जिने मी चढत होतो ते कोणाला दाखवायला, ह्याचा आज हिशोब लागत नाही. माझ्या मागे कोणीही लागलेलं नव्हतं. आयुष्यभर मी लोकांच्या डोळ्यांत खोट शोधली आणि पहिल्यांदा वाटलं की कोणीतरी माझं चांगलं व्हावं म्हणून कट करतंय, तर त्या मुंग्या निघाल्या. तुझ्यावर आळ घेत होतो तो राग म्हणून नाही. तूच असावीस असं मला वाटत होतं. फार वाटत होतं. आज ते कळलं, आणि दिवसभरात उठलो तो एकदाच, ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन तोंड धुवायला.

प्रकरण बंद.

तुझे वडील

ता. क. डावा बूट आज पायात गेलाच नाही. चपला घालून ऑफिसात गेलो.

२८ ऑगस्ट, गुरुवार

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद.

तुला ठाऊक असलेलंच लिहितोय. तू समोर आहेस तरी लिहितोय, कारण तीन दिवसांत तू ‘पाणी हवं का’ आणि मी ‘नको’ ह्याच्या पुढे गाडी गेली नाही. सोमवारचं न टाकलेलं पत्रही सोबत आहे, तुझ्या आईने खिशातून काढून आणून दिलं. तिने वाचलंय, असा मला दाट संशय आहे.

सोमवारी संध्याकाळी मी खुर्चीत बसलो होतो आणि दार वाजलं. आईने उघडलं. तू होतीस, हातात माझी पत्रं. आत आली नाहीस. उंबऱ्याबाहेरून म्हणालीस, ‘मला आत यायला बंदी आहे. बाबांना म्हणावं बाहेर या, मला त्यांचा पाय बघायचाय.’

चार वर्षं जिभेवर घोळवत ठेवलं होतंस ना हे वाक्य? मला आधी रागच आला. मग उठलो. खुर्चीपासून दारापर्यंत किती अंतर आहे आपल्याकडे? मी डावा पाय टेकला आणि तुझा चेहरा बदलला. तू ओरडलीस, ‘तिथेच थांबा. हलू नका, एक पाऊल टाकू नका,’ आणि चपलांसकट आत आलीस. जन्मभर माझ्या उठण्यासाठी भांडलीस, आणि घरात आल्या आल्या मला हलू नका म्हणालीस. खाली बसून तू मोजा काढलास. तुझ्या आईने तोंडावर हात ठेवला. मी स्वतः तो पाय इतके दिवस नीट बघितला नव्हता.

दवाखान्यात जाताना रिक्षात मी म्हणालो, तू एवढ्या लांबून कशी काय आलीस, मी तर ये असं काही लिहिलं नव्हतं. तू बाहेर बघतच म्हणालीस, ‘चार पत्रं, चार ताजा कलम. चारही डाव्या बुटाचे. उजव्याबद्दल एक अक्षर नाही, आणि वर गरम पोटरी. हा दावा तुमच्याकडे आला असता तर तुम्ही कोणाला पकडलं असतं, मोच्याला की पायाला?’

 

डॉक्टरांनी सांगितलं ते तू ऐकलंच आहेस. पोटरीत रक्ताची गुठळी. तिथून सुटून वर फुप्फुसात गेली असती तर हे पत्र लिहायला मी नसतो. त्यांनी कामाचं स्वरूप विचारलं, मी विमा, तपासणी, फायली असं सांगायला लागलो, तर तू मधेच म्हणालीस, ‘बसणं.’ त्यांनी तेवढंच लिहून घेतलं. आता रक्त पातळ करायची औषधं, आणि उद्यापासून तुझ्या हाताला धरून थोडं चालायचं. पुढे ऑफिसात तासाला एकदा उठायचं. घंटी सुरू करून घेईन. टोपली भिंतीपाशीच राहू दे असं मावशींना कळवलंय, उभीच्या फोनवर निरोप ठेवलाय. तिला हेही सांगितलं की मला मुलगी आहे.

घरी गेलो की एक दिवस मोच्याकडे जायचंय. माफी मागायला तोंड लागतं ते माझ्याजवळ फारसं नाही, तेव्हा तू बरोबर असावंस. नाक्यापर्यंत चालतच जाऊ.

तू काही सरकवलं नव्हतंस, हे मला कळलंय. त्याचं आता काही नाही.

तुझी आई मघाशी डबा आणायला घरी गेली. तू माझ्या उजव्या हाताला, पलंगाशेजारच्या खुर्चीत डोळे मिटून बसली आहेस. झोपलेली नाहीस, सोंग करते आहेस, मला कळतं. माझ्या शेजारच्या खुर्चीत तू बसावंस म्हणून मी साहेबांचे उंबरे झिजवले होते. बघ, बसलीस शेवटी. ती खुर्ची अशी असेल हे तेव्हा सुचलं नव्हतं.

पण सकाळपासून हललेली नाहीस. पाय एकाच जागी आहेत, मी बघतोय. पत्राची घडी करून तुझ्या मांडीवर ठेवतो. वाचलंस की ऊठ, त्या लांब पॅसेजच्या टोकापर्यंत जा आणि जरा पाय मोकळे करून ये.

मी इथेच आहे, कुठे जात नाही.

तुझे बाबा